दोर सोडायचा, तार आवळायची

टिंग!

पहाटेच्या सामसूम घरात एक टाचणी स्टीलच्या ताटात पडली. आवाज तो केवढा! पण लाईट गेलेली, पंखे गप्प, पालमचा रस्ता अजून निजलेला. त्या शांततेत तो देवघरातल्या घंटीसारखा वाजला. राजेश्रीनं श्वास रोखून धरला. आतल्या खोलीत कुणी कूस बदलली, बांगड्या किणकिणल्या आणि पुन्हा सगळं निवांत झालं.

"सृष्टी," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तुला निजवून आले होते ना मी?"

"निजले व्हते की. मग उठले." पाच वर्षांची सृष्टी ताटापाशी उकिडवी बसली होती. दोन्ही हात तिनं झटकन पाठीमागं नेले. "म्या न्हाई केलं. ती टाचणी आपूनच निघाली."

ताटात थर्माकोलचा तुकडा होता, त्यावर सहा उदबत्तीच्या काड्या रोवलेल्या. एक काडी उंच, शेजारची बुटकी, पुन्हा एक उंच, पुन्हा एक बुटकी. त्या सहांच्या शेंड्यांवर परकराच्या अस्तराचा तुकडा ताणलेला होता, आणि प्रत्येक शेंड्यापासून खाली दोरा, दोऱ्याला टाचणी. क्षणापूर्वी ते कापड पंख पसरलेल्या बगळ्यासारखं दिसत होतं. आता एक कोपरा सुटला होता आणि सगळंच्या सगळं ओल्या फडक्यासारखं लोळलं होतं.

"बघ, एक सुटली की काय होतं."

"बाकीच्या पाच हायेत की वढायला!"

"त्या ओढतातच गं. पण सगळ्यांनी सारखं ओढलं तरच हे उभं राहतं. एकानं सोडलं की उरलेल्यांच्या ओढण्याला अर्थ राहत नाही."

"कामून?"

"कामून ते आज दुपारी दाखवते. आज आपलं खरं कापड चढायचंय."

सृष्टीनं टाचणी उचलून दिली. राजेश्रीनं ती जागेवर खोचली, दोरा ओढला, आणि बगळा पुन्हा पंख पसरून उभा राहिला. इतक्या वेळा बघूनही तिनं ताट फिरवून तो सगळ्या बाजूंनी पुन्हा एकदा बघितला.

राजेश्रीचे अण्णा, म्हणजे वडील, दत्तराव मंडपवाले. पालमच्या पंचक्रोशीत ज्याच्या घरी लग्न, त्याच्या दारात दत्तरावांचे बांबू. शाळेतून आली की राजेश्री घडी घातलेल्या कनातींच्या ढिगावर लोळत अभ्यास करायची आणि लग्नात जेवणाच्या पंगतीपेक्षा तिचं लक्ष वर असायचं. वारा आला की मांडवाचं कापड पोटासारखं फुगायचं, गेला की खाली बसायचं. हे श्वास घेतंय, असं तिला वाटायचं. अण्णांची या धंद्यातली एक शिकवण साऱ्या गावाला पाठ होती: "आभाळ आलं की आधी दोर सैल कर, मग लेकराला घरात घे." कारण अंबाडीचा दोर भिजला की आखडतो; आखडला की एक तर कापड फाडतो, नाही तर मेख उपटतो. एका लग्नात असंच झालं होतं. दोर सोडायला उशीर झाला, उपटलेली मेख नवरदेवाच्या घोड्याला लागली आणि घोडं नवरदेवासकट गावाबाहेर गेलं. ती गोष्ट अण्णा आजही सांगत, पण हसायचं ते दुसऱ्यांनी. स्वतः कधी हसत नसत.

त्याच कनातींच्या ढिगावरून उठून पोरगी पुण्याला आर्किटेक्ट व्हायला गेली. शेवटच्या वर्षी सगळ्यांनी इमारती काढल्या, हिनं छत काढलं. भिंत नाही, तुळई नाही. चार खांब, तारा आणि ताणलेलं कापड. परीक्षकांपैकी एक जण चष्मा वर करून म्हणाले, "हे तर मांडवाचं काम झालं." राजेश्री म्हणाली, "हो सर. आमच्या घरचंच आहे." वर्ग हसला. पण परीक्षकांतच बसलेल्या एका ऑफिसवाल्यांनी दुसऱ्या दिवशी तिला बोलावून घेतलं.

तिथं ती ताणाची भाषा शिकली. विटेवर वीट ठेवली की घर उभं राहतं, ते वजनानं. हे छत उभं राहायचं ते ओढीनं. एका बाजूनं वर ओढ, दुसऱ्या बाजूनं खाली. दोन्हींच्या मध्ये कापड आपला आकार आपणच शोधतं. कॉम्प्युटरवर ती चार टोकं धरायची आणि बघत राहायची, रेषा हलत हलत स्थिर व्हायच्या, आणि शेवटी जो आकार यायचा तो तिनं काढलेला नसायचाच. तिला तो सापडलेला असायचा. मोटारींवर, हॉटेलांच्या पोहण्याच्या तलावांवर, एका विद्यापीठाच्या मैदानावर तिची छतं उभी राहिली. लोक त्याखाली उभं राहून फोटो काढायचे. राजेश्रीला मात्र दर वेळी वाटायचं, सावलीची खरी गरज मोटारीला आहे का?

बाळंतपणानंतर ती घरूनच काम करू लागली. सृष्टी निजली की तेवढ्यात एखादी जोडणी काढायची, उठली की बंद. त्या उष्ट्या-तुकड्यांच्या वेळात तिनं एक गोष्ट जमवली, जी ऑफिसात कुणाला सुचली नव्हती: क्रेन न लागणारं छत. खांब बुडाशी बिजागरीवर, आडवा ठेवून कापड जोडायचं आणि माणसांनी दोरानं ओढून उभा करायचा. जिथं क्रेन पोचत नाही, तिथंही सावली पोचली पाहिजे. तिच्या साहेबांनी नकाशे उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "एक उभं करून दाखवा. टिकलं तर तुमच्याकडची सगळी कामं तुमची, तिथंच राहून करा. नाही तर पार्किंगची शेड आहेच."

नवरा हरिओम पुण्यात नोकरीला. तो म्हणाला, "जा तू माहेरी. मी शनिवारी-शनिवारी येतो. उभं करूनच ये, नाही तर येऊच नको." म्हणाला हसत, पण म्हणाला.

जागा मिळाली राणीसावरगावात, बाजाराच्या मैदानावर. सरपंच दैवशालाबाई स्वतः लहानपणी त्या मैदानात आईशेजारी उन्हात बसून वांगी विकलेल्या. पण ग्रामसभेत कापडाचं छत म्हटल्यावर एकच हशा पिकला. हॉटेलवाला वैजीनाथ तर उठूनच उभा राहिला. "मॅडम, छप्पर करायलाव का पतंग? पहिल्या वाऱ्यात गंगाखेडला जाईल मनतो मी!"

राजेश्रीनं कागद काढलेच नाहीत. तिनं दैवशालाबाईंकडून एक जुनं लुगडं मागितलं, चार बायांना चार टोकं धरायला दिली. आधी सगळ्यांना सारख्याच उंचीवर धरायला लावलं आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. लुगड्याला पोट सुटलं, पाणी मध्ये साचलं, आणि मग त्यातून वैजीनाथच्या चपलेवर गळायला लागलं. मग समोरासमोरच्या दोघींना हात वर करायला सांगितलं, दुसऱ्या दोघींना खाली बसायला.

"आता चौघीजणी ओढा. जाऊबाईनं घेतलेली साडी ओढून घेताय असं समजा."

चौघींनी अशी काही ओढली की लुगडं ताडकन ताठ झालं. राजेश्रीनं पुन्हा पाणी ओतलं. ते घरंगळलं आणि बसलेल्या दोघींच्या पदरात गेलं. तिनं वरून लिंबू टाकलं, ते टणकन उडालं. पोरं ओरडली, "आनिक एकदा!"

दैवशालाबाईंनी वैजीनाथकडं बघितलं. "पतंग न्हाई वैजीनाथभाऊ, हे ढोलकं हाय. वाजवून बघायचं का?" आणि ठराव झाला.

आज तो दिवस होता. उद्याचा बाजार नव्या छताखाली भरायचा होता.

अण्णांच्या टेम्पोतून सगळे निघाले: अण्णा, राजेश्री, तिच्या मांडीवर सृष्टी, मागं अण्णांचा जुना कारागीर महारुद्र आणि मांडवाची माणसं. निघताना राजेश्रीची आई धुरपताबाई दारात आली, भाकरीचं गाठोडं आत सरकवत म्हणाली, "तुज्या बापानं आयुष्यभर मांडव घातले आन सोडले. तू असा घालायलीस की सोडायचाच न्हाई. धंदा कसा चालायचा गं बाई तुजा?"

"माय, दुसऱ्या गावात दुसरा घालीन की!"

"घाल, घाल. आधी हे तर हुबं ऱ्हाऊ दे."

मैदानावर निम्मं गाव जमलं होतं. पांढरं कापड उलगडलं तसं बाया पुढं येऊन पदराच्या टोकानं ते पुसायला लागल्या, कुणी न सांगता. त्याचे तुकडे राजेश्रीनं झंपर बेतावा तसे एकेक बेतले होते आणि कारखान्यातून जोडून आणले होते. जमिनीवर ते चोळामोळा पडलेलं, कशाचाच आकार नसलेलं. महारुद्रनं डोकं खाजवलं. "राजूताई, हे लय वाकडंतिकडं कापलंय. सरळ कापता आलं नसतं का?"

"वर गेलं की सरळ दिसेल, मामा."

"मंजी मानसावानीच मनायचं."

तारा कडेनं ओवल्या. कोपऱ्यांच्या लोखंडी पाट्या जोडल्या. मग मुख्य खांबाचा दोर वीस-पंचवीस जणांनी हातात घेतला आणि अण्णा पुढं झाले. मांडवाचा खांब उचलताना ते जी हाक देत ती आसपासच्या गावांना ठाऊक होती. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, घसा खाकरला.

"आलं काऽऽ?"

"आलंऽ!"

"मंग घ्या!"

आणि खांब जमिनीवरून उठला. पुन्हा हाक, पुन्हा ओढ. खांब तिरपा झाला, अर्धा झाला, उभा झाला, आणि त्याच्या मागोमाग ते चोळामोळा पांढरं काही तरी जमिनीवरून सुटून वर निघालं. दुसरा खांब, तिसरा खांब. बुटक्या खांबांनी त्याला खाली खेचलं, उंचांनी वर. मधल्या सुरकुत्या पळायला लागल्या, एकीमागून एक, जणू कुणी आतून हात फिरवतंय. राजेश्री मैदानभर धावत होती, या तारेला हात लाव, त्या पाटीखाली वाक, ओढणी कुठं पडली, चप्पल कुठं राहिली, पत्ता नव्हता. आणि मग एकाएकी कुणी काहीच ओढत नव्हतं, सगळं थांबलं होतं. वर आकाशात एक पांढरी लाट उभी होती. खाली सावली पडली होती, आणि त्या सावलीत जमलेलं गाव माना वर करून उभं.

सृष्टीनंच पहिल्यांदा तोंड उघडलं. "आई, ताटातला बगळा मोठा झाला!"

राजेश्री हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं ते सृष्टीच्या फ्रॉकला पुसले.

अजून शेवटची ओढ बाकी होती. नवं कापड पहिल्या ओढीनंतर थोडं सैलावतं. काही तास जाऊ द्यायचे, मग पुन्हा आवळायचं आणि नटं कायमची बसवायची. प्रत्येक कोपऱ्याला एक टर्नबकल होतं, दोन्हीकडं आटे असलेली लोखंडी फिरकी. एका अंगाला फिरवली की तार ओढली जाते, उलट फिरवली की सुटते. सकाळी तिनं अण्णांना ते दाखवलं होतं. अण्णांनी लहान पोरासारखं दोनचारदा पुढं-मागं फिरवून बघितलं होतं. "भारी हाय की गं! गाठ न्हाई, मेख न्हाई!"

"जेवून येऊ, मग शेवटचं आवळू," राजेश्री म्हणाली.

"तुमी व्हा म्होरं," अण्णा म्हणाले. "मी बसतो जरा हिच्या सावलीत. लेकीच्या सावलीत बसायला मिळतंय कुनाला!"

दैवशालाबाईंच्या ओसरीवर पानं मांडली होती. येसराची आमटी, भाकरी, कांदा, वर शेंगदाण्याची चटणी. वैजीनाथही येऊन बसला होता, आणि आता पतंगाचं नावही काढत नव्हता. "पण मॅडम, उंची जरा जास्ती झाली असं न्हाई वाटत? माझ्या हाटेलची पाटी झाकायली."

"पाटीवर काय लिवलंय ते समद्या गावाला पाठ हाय," दैवशालाबाई वाढता वाढता म्हणाल्या. "तुज्या च्यासारखंच, रोजचं तेच."

हसणं चाललं असतानाच अंगणातलं ऊन गेलं. असं गेलं की कुणी तरी दिवा मालवावा. डोंगराकडून काळं आभाळ चढत होतं आणि धुळीचा एक लोट शेतांवरून येत होता. राजेश्रीला भीती वाटली नाही. उलट अंगावर काटा आला तो आनंदाचा. येऊ दे, तिला वाटलं. याच्यासाठीच तर केलंय. बघू देत सगळ्यांना.

तेवढ्यात अण्णा आले. सावकाश पाय धुतले, पंच्याला हात पुसले, पाटावर बसून पहिला घास मोडला आणि सगळ्यांकडं बघत समाधानानं म्हणाले, "काय घाबरायचं काम न्हाई. आभाळ दिसताच मी समद्या फिरक्या सोडून आलो. चांगल्या ढिल्या केल्यात. आता किती बी भिजू दे."

ओसरीवर कुणाला काहीच कळलं नाही. राजेश्रीनं हातातली भाकरी ताटात टाकली.

"समद्या, अण्णा?"

"साही. येक बी सोडली न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावर केवढं कौतुक होतं! चाळीस वर्षांचं शहाणपण लेकीच्या कामाला लावून आलेला बाप.

"अण्णा," ती उठत म्हणाली, "तो दोर नाही. ती लोखंडाची तार आहे. भिजली तरी आखडत नाही. ढिल्या कापडात वारा शिरतो. ते आता फडफडणार, आणि फडफडलं की फाटणार."

अण्णांचा घास तोंडापाशीच राहिला. मग त्यांनी तो ताटात ठेवला. अनवाणीच उठले आणि पळत सुटले. साठी ओलांडलेला माणूस, धोतर सावरत, पंचा उडत. त्यांच्या मागं राजेश्री, तिच्या मागं महारुद्र, आणि मग उष्ट्या हातांनी सगळी ओसरीच.

मैदानावर पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला. फाड! फाड! फाड! सकाळची ती लाट आता खवळलेल्या बैलासारखी हिसके देत होती. वारा खालून शिरून तिला फुगवत होता आणि लगेच आपटत होता. प्रत्येक आपटण्याबरोबर खांब थरारत होते. एका कोपऱ्याच्या शिवणीपाशी कापड ताणून पातळ होत चाललेलं राजेश्रीला लांबूनच दिसलं.

"एकेका कोपऱ्याला दोघंदोघं! हातात पाना घ्या! सगळ्यांनी एकाच वेळी फिरवायचं, एक वेढा! एकट्यानं जास्त फिरवलं तर तोच कोपरा फाटेल!"

माणसं धावली. महारुद्र एका कोपऱ्याला, दैवशालाबाई आणि त्यांची जाऊ दुसऱ्या, वैजीनाथ तिसऱ्या. पण फडफडाटात राजेश्रीचा आवाज चार हातांवर पोचत नव्हता. "एक!" ती ओरडली, इकडं फिरलं, तिकडच्याला ऐकूच गेलं नाही. "थांबा! थांबा, एकदम!" धूळ डोळ्यांत गेली, आवाज फाटला. सहा टोकं आणि सहा तऱ्हा. पहाटेचं ताट तिच्या डोळ्यांसमोर आलं, लोळलेलं फडकं, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, गेलं.

ती वळली. अण्णा शेवटच्या कोपऱ्यापाशी उभे होते. हातात पाना होता, पण ते फिरकीकडं बघत होते ते विंचवाकडं बघावं तसं. या हातानं आता काही करावं की नको, हे त्यांना कळेनासं झालं होतं.

"अण्णा! हाक द्या!"

"काय?"

"हाक द्या तुमची! मांडवाची! मला कुणी ऐकेना, तुमाला ऐकतेत!"

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. मग छाती भरून घेतली.

"आलं काऽऽऽ?"

वाऱ्याला चिरत गेली ती हाक. सहा कोपऱ्यांवरून, धुळीतून उत्तर आलं, "आलंऽऽ!"

"मंग घ्या!"

सहा फिरक्या एकदम फिरल्या. कापड एकदा आपटलं.

"आलं काऽऽऽ?"

"आलंऽऽ!"

"मंग घ्या!"

आता मैदानाभोवती उभी असलेली पोरंही ओरडत होती, बायाही. आलं का, आलं, मंग घ्या. प्रत्येक वेढ्याला तो बैल थोडा शांत होत होता. हिसके लहान झाले. पोट आत गेलं. सुरकुत्या पुन्हा पळायला लागल्या, सकाळसारख्याच. राजेश्री कोपऱ्या-कोपऱ्यावर धावत कापडावर तळहात मारून ऐकत होती. भद्द. अजून. भद्द. अजून एक. आणि मग,

घुम्म.

"बास!" ती किंचाळली. "नटं बसवा!"

तेवढ्यात खरा वारा आला. आधीचा तर त्याचा निरोप्याच होता. वैजीनाथच्या हॉटेलची पाटी सुटून रस्त्यावरून गडगडत गेली, एका शेडचा पत्रा कडाकड वाजत उचलला गेला, धुळीनं समोरचा माणूस दिसेना. सगळे जिथं होते तिथंच खांबांना धरून बसले. राजेश्रीनं मागोमाग पळत आलेल्या सृष्टीला पोटाशी घेतलं होतं. डोक्यावरचं छत फडफडलं नाही. ते नुसतं घुमत होतं, एका सुरात, खोल. आणि तो सूर खांबातून तिच्या पाठीत, पाठीतून पोटाशी धरलेल्या लेकरात जात होता.

"आई, हे गानं म्हनायलंय," सृष्टी तिच्या कानात म्हणाली.

मग टपोरे थेंब आले. ताणलेल्या कापडावर ते ताशासारखे वाजले, घरंगळले आणि बुटक्या खांबांपाशी धारा होऊन खाली पडायला लागले. मधोमध थेंब नाही. दैवशालाबाई पळत घरी गेल्या आणि बादली घेऊन आल्या, मग दुसरी कुणी घागर, कुणी पातेलं. वैजीनाथ छताच्या कडेला ओलाचिंब उभा राहून आपल्या पाटीच्या दिशेनं बघत होता. "माझी पाटी गेली गंगाखेडला," तो म्हणाला, "आन पतंग हितंच ऱ्हायला!" आणि स्वतःच सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला.

अण्णा कोपऱ्यापाशीच बसून होते. राजेश्री जवळ गेली.

"मी सैल केलं, राजू," ते खाली बघत म्हणाले. "मला वाटलं..."

"मीच सांगायला पाहिजे होतं, अण्णा. फिरकी कशी फिरते ते दाखवलं, कशासाठी ते दाखवलंच नाही." ती त्यांच्या शेजारी चिखलात बसली. "आणि हाक नसती दिली तुमी, तर आज मी पार्किंगलाच गेले असते."

"कुटं?"

"काही नाही." तिनं हसत त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "ती शिकवण आता बदलायची. दोर असंल तर सोडायचा, तार असंल तर आवळायची."

अण्णांनी ते ओठातल्या ओठात दोनदा म्हणून बघितलं. मग वर बघत हळूच म्हणाले, "पर घोडं न्हाई गेलं ह्या बारीला." आणि त्या गोष्टीला ते आयुष्यात पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. असा भरला की माणसं माल घ्यायला कमी आणि वर बघायला जास्त. मिरच्या विकणाऱ्या एका म्हातारीनं तर छताखालीच आपला बारका पाल, चार काठ्यांवरचं कापड, ठोकला. दैवशालाबाई म्हणाल्या, "अगं मावशे, वर येवढं मोठं हाय की!" म्हातारी मेख ठोकता ठोकता म्हणाली, "असू दे. ते समद्याचं हाय, हे माजं हाय." पिंगळीहून दोघं जण मोटारसायकलवर आले, खांब ठोकून बघितले, कापडावर थाप मारून बघितली, आणि आमच्या बाजाराला असं कवा करता, म्हणून विचारत राहिले. हरिओमला फोटो गेला, त्याचं उत्तर आलं, "मग मीच तिकडं बदली मागतो." साहेबांचा फोन आला. राजेश्रीनं तो छताच्या बरोबर मधोमध उभं राहून घेतला आणि बोलून झाल्यावर कुणी बघत नाही असं पाहून स्वतःभोवती एक गिरकी घेतली. कुणी बघत नव्हतं असं तिला वाटलं. वैजीनाथनं बघितलं आणि न मागता चहा पाठवला.

संध्याकाळ उतरली. बाजार मोडायला लागला. छताच्या बाहेर, कडेकडेनं बसलेल्यांनी आपापले पाल सोडायला घेतले. बांगडीवालीनं दोराची गाठ सोडली तसं तिचं कापड अलगद खाली बसलं. तिनं ते झटकलं, घडी घातली, उशाशी घ्यावं तसं काखेत घेतलं. मिरच्यावाल्या म्हातारीनंही मेख उपटली. एकेक दोर सैल होत होता, एकेक कापड जमिनीवर टेकत होतं, आणि माणसं घरच्या वाटेला लागत होती. अण्णा टेम्पोपाशी थांबले होते. राजेश्रीच्या पिंढऱ्या दुखत होत्या, डोळे चुरचुरत होते, पर्समध्ये पिंगळीच्या जागेची मापं होती आणि रात्री, सृष्टी निजल्यावर, तिला ती मांडून बघायची होती.

सृष्टी तिचा हात धरून मोडणारा बाजार बघत होती.

"आई, आपलं कवा सोडायचं?"

"आपलं नाही सोडायचं, बाळा. हे असंच राहणार."

"रातीबी?"

"रात्रीबी."

"पाऊस आला तर?"

"पाऊस आला तर मग अजिबातच नाही. काल बघितलंस ना?"

सृष्टीनं मान मागं टाकली. वर पांढरं छत संध्याकाळच्या उजेडात गुलाबी झालं होतं. सहा बाजूंनी सहा तारांनी ओढून धरलेलं, ताठ, बारीक वाऱ्यावर ऐकू येईल न येईल असं घुमणारं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं आईकडं बघितलं, नीट, कपाळाला आठी घालून.

"मग हे निजतं कवा?"

राजेश्रीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आली ती जांभई.